आधी काय, मग काय

वेबचे जनक टिम बर्नर्स-ली यांनी १९९१ साली वेबपानांच्या एचटीएमएल या भाषेतल्या टॅगांचं जे पहिलं टिपण जगासमोर ठेवलं, त्यात जेमतेम अठरा टॅग होते. वहीच्या अर्ध्या पानात मावतील एवढे. ते शिकायला पुस्तक लागावं असं काही नव्हतंच. एखादं पान आवडलं की ब्राउझरमध्ये 'व्ह्यू सोर्स' करायचं, समोर आलेला कोड उचलायचा, दुसऱ्याचं नाव पुसून आपलं घालायचं आणि बघायचं काय होतं ते. सुगरणीने वाढलेल्या ताटाखालीच पाककृतीची चिठ्ठी ठेवावी, तसा मामला. त्यातच ३० एप्रिल १९९३ला सर्न या युरोपातल्या संशोधनसंस्थेने वेबचं सगळं तंत्र कुणालाही फुकट वापरायला मोकळं करून दिलं.

आणि तरीही पुढच्या तीन-चार वर्षांत वेब शिकवणाऱ्या पुस्तकांनी दुकानांची कपाटं भरून गेली. आजही ती भरलेलीच आहेत. एरिक मायर यांच्या 'सीएसएस: द डेफिनिटिव्ह गाइड'च्या अलीकडच्या आवृत्त्या हजार पानांच्या पुढे गेल्या आहेत, आणि पानांची सजावट ठरवणारी सीएसएस ही वेबच्या तीन मुख्य भाषांपैकी फक्त एक. जी गोष्ट उघडी आहे, फुकट आहे आणि स्वतःच स्वतःला शिकवते असं म्हणतात, ती शिकायला लोक पैसे मोजून कागद का विकत घेतात?

बरीच वर्षं मुलांना हा विषय शिकवल्यावर माझ्यापुरतं उत्तर मला सापडलं आहे. माणूस क्रम विकत घेतो. आधी काय, मग काय, आणि कशाकडे सध्या बघायचंसुद्धा नाही, हे कुणीतरी ठरवून दिलेलं त्याला हवं असतं. वेबवर सगळं असतं, पण ते सगळं एकदमच असतं. म्हणून पुढच्या पानांत ज्या पुस्तकांची ओळख करून दिली आहे, ती वाचताना लेखकाने काय गाळलं याकडे लक्ष ठेवा, एवढीच माझी विनंती आहे. चांगला लेखक आणि नुसता जाणकार यांतला फरक तिथे दिसतो.

सुरुवात १९९६पासून करू. त्या वर्षी दोन अगदी वेगळ्या स्वभावाची पुस्तकं बाजारात होती. एक एलिझाबेथ कॅस्ट्रो यांचं, एचटीएमएलवरचं. एक काम, त्याच्या पाच-सहा पायऱ्या, शेजारी पडद्याचं चित्र. पान उलटा, पुढचं काम. शेजारी बसून बोटाने दाखवणाऱ्या धाकट्या मावशीसारखं ते पुस्तक होतं. तत्त्वज्ञान नाही, इतिहास नाही. पुढे त्याच्या आवृत्त्यांमागून आवृत्त्या निघाल्या त्या उगाच नाही.

दुसरं डेव्हिड सीगल यांचं 'क्रिएटिंग किलर वेब साइट्स'. याची गोष्ट मात्र जरा तपशिलात सांगायला हवी. सीगल यांना वेबची पानं देखणी हवी होती. त्या वेळच्या एचटीएमएलमध्ये मजकूर इथे नको, दोन बोटं उजवीकडे सरकव, असं सांगायची सोयच नव्हती. मग त्यांनी युक्ती काढली. तक्ते मांडण्यासाठी असलेला टेबल टॅग घ्यायचा, त्याच्या रेघा अदृश्य करायच्या आणि त्या चौकटींत पानाचे तुकडे बसवायचे. जिथे मोकळी जागा हवी तिथे एका पिक्सेलचं पारदर्शक चित्र ठेवून ते हवं तेवढं ताणायचं. दिसायचं सुंदर. जगभरच्या डिझायनरांनी ही युक्ती डोक्यावर घेतली, आणि पुढची कितीतरी वर्षं वेब या अदृश्य तक्त्यांवर उभी राहिली. त्याच १९९६च्या डिसेंबरात सीएसएसची पहिली अधिकृत आवृत्ती आली, म्हणजे सजावट वेगळी ठेवायचा सरळ रस्ता तयार झाला होता. पण ब्राउझर त्याला धड साथ देत नव्हते आणि युक्ती लोकांच्या हातात बसली होती. १९९७मध्ये सीगल यांनी स्वतःच एक लेख लिहिला. वेबचं वाटोळं झालं आणि ते मीच केलं, अशा अर्थाचा त्याचा मथळा होता.

तंत्रज्ञानाच्या पुस्तकाच्या लेखकाने असा कबुलीजबाब दिल्याचं दुसरं उदाहरण मला आठवत नाही. म्हणूनच हे कालबाह्य पुस्तक मी या यादीत मुद्दाम ठेवायला सांगितलं. आंधळ्या माणसाचं पडदा वाचून दाखवणारं यंत्र अशा अदृश्य तक्त्यांच्या पानावर आलं की त्या माणसाला तक्त्यामागून तक्ते ऐकू यायचे. सीगल यांनी काय गाळलं होतं, तर पान डोळ्यांनी न बघणारा वाचक.

या वाचकाला परत आत आणायचं काम जेफ्री झेल्डमन यांनी केलं. ब्राउझर कंपन्यांनी एकाच मापाने चालावं म्हणून १९९८मध्ये जी चळवळ उभी राहिली तिचे ते एक म्होरके. त्यांचं 'डिझायनिंग विथ वेब स्टँडर्ड्स' २००३ सालचं. त्यातला निम्मा भाग वकिली आहे: साहेबाला कसं पटवायचं, ग्राहकाला कसं समजवायचं. आज ती वकिली कुणाला करावी लागत नाही, म्हणून पुस्तक शिळं वाटतं. खटला जिंकलेल्या वकिलाच्या फाइलीचं होतं तसं. त्याच वर्षी डेव्ह शे यांनी 'सीएसएस झेन गार्डन' सुरू केलं. एचटीएमएलचं पान एकच, त्यातलं अक्षरही हलवायचं नाही, फक्त स्टाइलशीट बदलायची. शेकडो डिझायनरांनी त्या एकाच पानाला शेकडो रूपं दिली. मॉली होल्झश्लॅग यांच्यासोबत शे यांनी त्यावर २००५मध्ये पुस्तक केलं. वर्गात झेल्डमन यांची तीन प्रकरणं वाचून जे मुलांच्या गळी उतरत नाही, ते झेन गार्डनची दोन रूपं शेजारी ठेवली की दोन मिनिटांत उतरतं.

आता तिसऱ्या भाषेकडे, जावास्क्रिप्टकडे. ही भाषा ब्रेंडन आइक यांनी मे १९९५मध्ये दहा दिवसांत उभी केली, आणि त्या घाईचे ओरखडे तिच्या अंगावर अजून आहेत. तिच्यावरचा आद्य ग्रंथ डेव्हिड फ्लॅनागन यांचा, 'जावास्क्रिप्ट: द डेफिनिटिव्ह गाइड', पहिली आवृत्ती १९९६. मुखपृष्ठावर गेंडा. ओरायली प्रकाशनाच्या पुस्तकांवरचे जुन्या कोरीवचित्रांतले प्राणी ही इडी फ्रीडमन या डिझायनर बाईंची कल्पना. हा गेंडा तर इतका प्रसिद्ध झाला की मोझिलाच्या एका जावास्क्रिप्ट इंजिनाचं नावच 'रायनो' पडलं. पुस्तकाने भाषेचं नाव घेणं रोजचंच. भाषेच्या यंत्राने पुस्तकाच्या कव्हरवरून नाव घ्यावं, हे विरळाच.

गेंडा आवृत्तीगणिक फुगत गेला आणि २०११च्या सहाव्या आवृत्तीत अकराशे पानांच्या आसपास पोचला. मधल्या काळात, २००८मध्ये, डग्लस क्रॉकफर्ड यांनी जेमतेम पावणेदोनशे पानांचं 'जावास्क्रिप्ट: द गुड पार्ट्स' काढलं. कव्हरवर फुलपाखरू. या दोन पुस्तकांच्या जाडीची तुलना करणारे फोटो तेव्हा प्रोग्रामर मंडळी एकमेकांना हसत हसत पाठवायची. पण क्रॉकफर्ड यांचा मुद्दा विनोदी नव्हता. भाषेत एखादी सोय आहे म्हणून ती वापरलीच पाहिजे असं नाही, हे त्यांनी भाषेच्या अभिमान्यांना तोंडावर सांगितलं. वाईट भागांची यादी परिशिष्टात टाकली आणि पुस्तकभर चांगल्या भागांपुरतं बोलले. त्यांचे सगळेच निवाडे मला पटत नाहीत. शिवाय २०१५मध्ये भाषा एवढी बदलली की लेट आणि कॉन्स्ट हे आज पहिल्याच दिवशी शिकवले जाणारे शब्द त्या पुस्तकात शिकवलेलेच नाहीत. तरी एखादी भाषा हातात घेताना तिच्यातलं काय नाकारायचं हे आपण ठरवू शकतो, हा धीर मला त्या पुस्तकाने दिला.

आणि गेंड्याचं काय झालं? २०२०च्या सातव्या आवृत्तीत तो सातशे पानांवर आला. मागचा संदर्भ-विभाग फ्लॅनागन यांनी काढूनच टाकला, कारण ती माहिती वेबवर अधिक ताजी मिळते. जवळजवळ पंचवीस वर्षं जे पुस्तक 'सगळं इथे आहे' म्हणून विकलं गेलं, त्याच्याच लेखकाने शेवटी गाळायला घेतलं.

गाळण्याचा सल्ला सर्वांत उघडपणे देणारे गृहस्थ म्हणजे स्टीव्ह क्रुग. 'डोन्ट मेक मी थिंक' २०००मध्ये आलं. विमानाच्या एका प्रवासात संपावं असं मनात धरून ते लिहिलं आहे. आपल्याकडे मुंबई-नागपूर रेल्वेत संपून वर झोपही होते. पानावरचे निम्मे शब्द काढा आणि उरलेल्यांतले पुन्हा निम्मे काढा, असं ते सांगतात, आणि कोणत्याही सरकारी अर्जाचं पान उघडून बघितलं की त्यांचं म्हणणं पटतं. पुस्तकाचा खरा ऐवज मात्र उत्तरार्धात आहे. आपलं संकेतस्थळ दोन-तीन साध्या माणसांसमोर ठेवा, त्यांना एक काम द्या, आणि मागे गप्प बसून बघा. 'गप्प बसून' यावर माझा जोर. माझे विद्यार्थी पहिल्या मिनिटाला "काकू, ते वरचं बटण दाबा ना" म्हणतात आणि सगळी चाचणी वाया घालवतात.

क्रुग यांच्या आधी डोनाल्ड नॉर्मन यांचं 'द डिझाइन ऑफ एव्हरीडे थिंग्ज' वाचावं का, असं मुलं विचारतात. १९८८चं पुस्तक, वेबच्याही आधीचं. ढकलायचं की ओढायचं हे न कळणाऱ्या दाराचं त्यांचं उदाहरण आता म्हणीसारखं झालंय. वाचावं, पण आधी नको. मधे कुठेतरी, स्वतः एखादं वाईट दार बनवून झाल्यावर. रॉबिन विल्यम्स यांचं 'द नॉन-डिझायनर्स डिझाइन बुक' मात्र पहिल्या आठवड्यातच वाचावं. या बाई लेखिका आहेत, त्याच नावाच्या नटाशी त्यांचा संबंध नाही. १९९४च्या या पुस्तकात चारच तत्त्वं आहेत: ठळक फरक, पुनरावृत्ती, रांग आणि जवळीक. नवखा माणूस सवयीने सगळं मधोमध ओढतो, हे त्यांचं निरीक्षण वाचून घरातल्या लग्नपत्रिका काढून बघा. कुलदैवतापासून 'आमच्या आत्याच्या लग्नाला यायचं हं'पर्यंत सगळं मधोमध, आणि प्रत्येक ओळीला वेगळा फॉन्ट.

इथे आपल्या बाजाराबद्दल थोडं बोललं पाहिजे. भारतात सर्वसामान्यांना इंटरनेट मिळालं ते १५ ऑगस्ट १९९५पासून. वरची बहुतेक पुस्तकं निघाली तेव्हा डॉलरच्या किमतीत होती. त्यांतली ओरायलीची पुस्तकं आपल्यापर्यंत पोचली ती मुंबईच्या श्रॉफ पब्लिशर्सने काढलेल्या स्वस्त भारतीय आवृत्त्यांतून. त्याच सुमारास बीपीबी प्रकाशनाने आयव्हन बेरॉस यांचं जाडजूड पुस्तक काढलं, ज्याच्या नावातच एचटीएमएलपासून पर्लपर्यंत सगळी अनुक्रमणिका होती. क्लासवाल्यांचं ते लाडकं, कारण त्यात विद्यार्थ्याला एक आख्खं व्यावसायिक काम शेवटपर्यंत करून दाखवलं होतं. नागपूरच्या यशवंत कानेटकर यांनी 'लेट अस सी' लिहून आपल्या मुलांना प्रोग्रामिंगच्या पुस्तकाची जी चव लावली होती, म्हणजे आधी छोटा प्रोग्राम आणि मग गप्पा मारल्यासारखं स्पष्टीकरण, ती वेबच्या पुस्तकांत आपल्याकडे फारशी उतरली नाही. उतरली ती 'ब्लॅक बुक' नावाची वीट. पॉलिटेक्निकला क्लायंट साइड स्क्रिप्टिंगचा पेपर असला की आदल्या रात्री मुलं पुण्याच्या अप्पा बळवंत चौकातून आणलेलं प्रश्नोत्तरांचं पुस्तक वाचतात आणि वीट उशाशी ठेवून झोपतात. विटेत सगळं आहे. गाळलेलं काहीच नाही, म्हणून क्रमही नाही.

जॉन डकेट यांचं 'एचटीएमएल अँड सीएसएस' (२०११) हे याच्या अगदी उलट टोकाचं. समोरासमोरच्या दोन पानांत एकच गोष्ट, भरपूर मोकळी जागा, रंगीत कोड, मोठी चित्रं. प्रोग्रामिंगचं पुस्तक दिवाळी अंकासारखं चाळता येतं हे त्यांनी दाखवलं. याची पहिली ओळख मला झाली ती झेरॉक्सवर, काळ्या-पांढऱ्या. विद्यार्थ्यांनी वर्गणी काढून सेट काढले होते. कोडमधला कुठला भाग कशाशी जुळतो ते रंगावरून कळावं अशी ज्याची रचना, त्याचे सगळे रंग एकाच राखाडीत विरघळलेले. पुढे मूळ प्रत हातात आली तेव्हा मुलांना इतके दिवस काय समजत नव्हतं ते मला समजलं. एक इशारा: मांडणीच्या प्रकरणात डकेट अजून फ्लोटवरच आहेत. फ्लेक्सबॉक्स आणि ग्रिड या नव्या पद्धती त्यात नाहीत. तेवढ्यापुरतं जेनिफर रॉबिन्स यांच्या 'लर्निंग वेब डिझाइन'ची २०१८ची पाचवी आवृत्ती उघडावी. ओरायलीने १९९३मध्ये वेबवर जे पहिलं व्यावसायिक संकेतस्थळ काढलं, त्याच्या डिझायनर याच बाई. इतकी वर्षं आवृत्ती नवी करत राहणं हे खरं तर वेगळं पुस्तक लिहिण्याहून किचकट काम आहे.

बारीक पुस्तकांबद्दल मला विशेष प्रेम आहे हे एव्हाना लक्षात आलं असेल. 'अ बुक अपार्ट' या प्रकाशनाने २०१०पासून शंभर-दीडशे पानांच्या आसपासचीच पुस्तकं काढली. पहिलं जेरेमी कीथ यांचं एचटीएमएल५वरचं. मग ईथन मार्कॉट यांचं 'रिस्पॉन्सिव्ह वेब डिझाइन', एकच पान संगणकावर आणि मोबाइलवर नीट कसं बसवायचं याचं. आपल्याकडच्या कितीतरी घरांत इंटरनेट पहिल्यांदा आलं ते मोबाइलवरच, तेव्हा हे छोटं पुस्तक इथे किती दूरवर पोचलं याचा हिशेब लागणार नाही. हे प्रकाशन २०२४मध्ये बंद पडलं. कीथ यांचं पुस्तक आता वेबवर फुकट वाचता येतं. मरीन हावरबेके यांचं 'एलोक्वंट जावास्क्रिप्ट' तर पहिल्यापासूनच वेबवर फुकट आहे, २०२४मध्ये चौथी आवृत्ती आली. त्यात चौथ्या प्रकरणात संध्याकाळी अधूनमधून खार होणारा एक माणूस येतो. आपण कशामुळे खार होतो हे शोधायला तो रोजची नोंद ठेवतो आणि आपण त्या नोंदींवर कोड लिहितो. गंमत वाटते, पण चढ तिथूनच सुरू होतो. पाचव्या प्रकरणात निम्मा वर्ग गळतो. गळालात तर लाजू नका, दोन महिन्यांनी परत या.

आता कुणीही विचारेल, हे सगळं कृत्रिम बुद्धिमत्तेला विचारलं की मिळतं, मग पुस्तक कशाला? मिळतं, मीही विचारतो. पण विचारायला गोष्टीचं नाव ठाऊक असावं लागतं. एकाखाली एक दोन चौकटी ठेवल्या, वरचीला खाली वीस पिक्सेलची समास-जागा दिली, खालचीला वर तीस. मधे पन्नास यायला हवी, येते तीस. मुलगा रात्रभर आपल्या कोडमधली चूक शोधत बसतो. ही चूक नाही, तो सीएसएसचा नियम आहे आणि त्याला 'मार्जिन कोलॅप्स' असं नाव आहे. पुस्तकात ते नाव गरज पडण्याच्या दोन महिने आधी, आडवाटेने, एका चित्राखाली भेटून गेलेलं असतं.

शेवटी माझी तक्रार. या लेखकांनी जे जाणूनबुजून गाळलं त्याचं मी कौतुक केलं. पण त्यांच्याकडून नकळतही काही गळालं आहे, आणि ते नेमकं आपलं आहे. ही सगळी पुस्तकं रोमन अक्षर डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेली आहेत. शीर्षक उठून दिसावं म्हणून अक्षरांमधलं अंतर थोडं वाढवा, असं डिझाइनची पुस्तकं सांगतात. मराठी शीर्षकावर ते करून बघा: शिरोरेघेचे तुकडे पडतात आणि शब्द दात पडल्यासारखा दिसतो. सगळी अक्षरं कॅपिटल करायची सूचना देवनागरीवर चालतच नाही. तिरपा ठसा मागितला तर ब्राउझर बिचाऱ्या सरळ अक्षरांनाच ढकलून तिरपं करतो. दोन ओळींतलं अंतर दीडपट ठेवा, हा सल्ला इंग्रजीला पुरतो. वर रफार-वेलांट्या आणि खाली उकार-जोडाक्षरं असलेल्या आपल्या ओळींना मी त्याहून जास्तच देतो. उलट, जावास्क्रिप्टला आकडा मराठी पद्धतीने लिहायला सांगितलं तर तो नुसता लाख-कोटीच्या स्वल्पविरामांनीच नव्हे, देवनागरी अंकांत लिहून मिळतो. हिंदी सांगितली तर अंक इंग्रजीच राहतात. आपल्या बाजूने गेलेली एवढी एक गोष्ट, आणि तीही मुलांना कुठल्या पुस्तकात भेटत नाही.

पानाची भाषा कोणती हे सांगणाऱ्या 'लँग' या गुणधर्माला बहुतेक पुस्तकांत परिच्छेदभर जागा मिळते. एकदा लॅबमध्ये एका विद्यार्थिनीने कुठून तरी उचललेल्या कोडमध्ये तिथे हिंदीची खूण तशीच राहिली होती. तिने ती काढून मराठीची घातली आणि पान पुन्हा लोड केलं. फॉन्टमध्ये मराठी वळणाची अक्षरं होती. तिच्या आडनावातल्या 'ल'ची उभी काठी गेली आणि त्या जागी दोन पाकळ्यांचा, पाटीवर गिरवलेला ल आला. 'श'सुद्धा बदलला. २००९च्या शासननिर्णयाने जी वळणं मराठीची म्हणून ठरवली, तीच. "सर, हे कुठल्या पुस्तकात आहे?" तिने विचारलं. आठवेना. तिने रॉबिन्स यांच्या पुस्तकात त्या परिच्छेदाशेजारच्या समासात पेन्सिलने दोन्ही ल काढून ठेवले, बाण केला, आणि खाली तारीख घातली.